जोडे शिवणाऱ्याच्या मुलाचे सूर्यनगर

तोमासो कांपानेल्ला १५६८ साली दक्षिण इटलीतील स्तिलो गावी जन्मला. बाप जोडे शिवणारा, निरक्षर. मुलगा मठात शिरून विद्वान झाला. स्पेनच्या सत्तेविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १५९९ साली पकडला गेला. वेडाचे सोंग घेऊन त्याने देहदंड चुकवला, पण सुमारे २७ वर्षे तुरुंगात काढली. तेथेच १६०२ साली ‘सूर्यनगर’ लिहिले. या नगरात खाजगी मालमत्ता नाही, गुलाम नाहीत, काम रोज चार तास. कोणतेही कष्ट हलके नाहीत. जो अधिक कामे जाणतो तोच श्रेष्ठ. मात्र कोणी कोणाशी संग करावा, हेही अधिकारीच ठरवतात. १६३९ साली तो पॅरिसला वारला. श्रमाची प्रतिष्ठा आम्ही त्याच्याकडून जरूर घेऊ. पण स्वातंत्र्य गहाण टाकून मिळणारी समता आम्हाला मान्य नाही.