कांस्याचे मोल

चांदीची पारख हुपरीकरांना कुणी शिकवावी लागत नाही. पैंजण हातात घेताच वजन सांगणारे कारागीर इथे घरोघरी आहेत. पण जवळच्या कोल्हापुरात घडलेल्या एका मल्लाने देशाला जे पदक दिले ते होते कांस्याचे. त्याची किंमत कळायला मात्र आपल्याला फार वर्षे लागली.

खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म 15 जानेवारी 1926. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लाल मातीची ओळख घरातच झाली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला हा गडी मॅटवरच्या कुस्तीला नवखा होता. तरीही त्याने सहावा क्रमांक मिळवला.

1952 च्या हेलसिंकीसाठी निवड झाली, पण प्रवासाचे पैसे कुठून आणायचे? गावकऱ्यांनी वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी तर राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठी घर गहाण टाकणारा गुरू आज किती जणांना भेटतो?

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी एकामागून एक लढती जिंकल्या. दोन अवघड लढतींच्या मध्ये त्यांना पुरेशी विश्रांतीही मिळाली नाही आणि बाजू मांडायला आपला अधिकारी तिथे नव्हता. सुवर्ण जपानच्या इशीने नेले. खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. खाशाबांनी मात्र आधी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या कमाईतून सरांचे घर सोडवले.

1955 मध्ये ते पोलीस दलात फौजदार झाले. तिथे त्यांनी स्पर्धा जिंकल्या आणि क्रीडाशिक्षक म्हणून इतरांनाही घडवले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर हक्काच्या पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. 1984 मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

असे दुसरे वैयक्तिक पदक भारताला मिळाले ते थेट 1996 मध्ये, लिअँडर पेसच्या रूपाने. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर, 2000 साली. सरकारच्या तराजूला जे वजन कळायला अर्धे शतक लागले, ते खर्डेकर सरांनी पदक मिळण्याआधीच ओळखले होते. खरा पारखी कोण, हे वेगळे सांगायला नको.