कर्मवीरांनी शिक्षक कसे घडविले?

शिक्षणखात्याच्या कागदोपत्री नवा शिक्षक ज्या दिवशी शाळेत रुजू होतो, त्या दिवशी एक रिक्त पद भरले जाते. त्या शिक्षकाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न त्याच दिवशी सुरू होतो. हातात पदविका किंवा पदवी असते, पाठटाचणे काढण्याचा सराव असतो, बालमानसशास्त्राची चार प्रकरणे पाठ असतात. परंतु समोर चार इयत्तांची मुले एका खोलीत बसलेली असतात, पटावरची निम्मी मुले सुगीच्या कामाला गेलेली असतात आणि गावकरी या नवख्या माणसाकडे दुरूनच पाहत असतात. अशा वेळी सल्ला विचारावा असे माणूस जवळ असेल, तर शिक्षक उभा राहतो. नसेल तर पहिल्या दोन वर्षांतच तो एक तर बदलीच्या मागे लागतो, किंवा पाट्या टाकण्याची कला शिकून घेतो. हे दुसरे नुकसान पहिल्याहून मोठे, कारण ते पुढील तीस वर्षे चालू राहते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी दरवर्षी किमान पन्नास तासांचे प्रशिक्षण आणि अनुभवी शिक्षकांकडून मार्गदर्शन या दोन गोष्टींचा पुरस्कार केलेला आहे. ही कल्पना नवी म्हणून मांडली जाते. वस्तुतः सातारा-सांगलीच्या भूमीला ती अपरिचित नाही. शिक्षक हा नेमावयाचा नसून घडवावयाचा असतो, हे ओळखून त्यासाठी आयुष्य वेचणारा एक पुरुष याच भूमीत होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र बहुधा वसतिगृहांचे आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेचे चरित्र म्हणून सांगितले जाते. त्यातील शिक्षक घडविण्याचा भाग मागे राहतो. आज तोच पुढे आणणे अगत्याचे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथील जैन पाटलांचे. वडील पायगोंडा पाटील मुलकी खात्यात कारकून होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात गेले आणि जैन बोर्डिंगात राहिले. तेथील सोवळ्याओवळ्याचे नियम त्यांना मानवले नाहीत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर स्नानाच्या शुद्धीला नकार दिल्यामुळे बोर्डिंगाबाहेर पडले. राजर्षी शाहू महाराजांचा सहवास त्यांना याच काळात लाभला. शालेय परीक्षांत मात्र यश आले नाही; मॅट्रिकची पायरी ते चढू शकले नाहीत. पुढे शेकडो शिक्षकांना ज्याने उभे केले, त्याच्यापाशी स्वतःची म्हणावी अशी एकही शैक्षणिक पदवी नव्हती. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डी. लिट्. दिली ती १९५९ मध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या वर्षी.

साताऱ्यास येऊन त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या. वारणाकाठच्या दुधगाव येथे सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. त्यानंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडू लागले. पुढे कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. चरित्रकार या नोकरीचा उल्लेख ओझरता करतात. पण त्यांच्या शिक्षणकार्याची खरी शाळा हीच होय. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता. असा नांगर नुसत्या जाहिरातीने खपत नाही. तो शेतात नेऊन चालवून दाखवावा लागतो, शेतकऱ्याच्या हाती देऊन दोन तास त्याच्याबरोबर चालावे लागते आणि फाळ अडला तर पुन्हा जावे लागते. नवे साधन द्यावयाचे तर त्याच्या जोडीला माणूस द्यावा लागतो, हे अर्थशास्त्र भाऊरावांना या फिरतीत उमगले असले पाहिजे. त्यांच्या पुढील कार्याची घडण तरी हेच सांगते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. सत्यशोधक चळवळीच्या वातावरणात तिचा जन्म झाला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण शिक्षक कसा असावा याचा विचार त्या परंपरेत आधीच झालेला होता. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक हा शेतकरी वर्गातून आलेला, प्रशिक्षित आणि पुरेशा पगाराचा असावा, प्रसंगी नांगराची मूठ धरावयास त्याने लाजू नये, अशी मागणी केली होती. ती मागणी सरकारी दप्तरात पडून राहिली. तिला अर्धशतकानंतर प्रत्यक्ष रूप देणारा माणूस नांगर विकणाराच निघावा, हा इतिहासातील एक सुंदर योगायोग म्हटला पाहिजे.

१९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीत जेवत, एकत्र राबत आणि एकत्र अभ्यास करीत. हा खर्च भागविताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. पतीच्या संस्थेला मिळालेले हे पहिले मोठे भांडवल एका स्त्रीच्या स्त्रीधनातून आले, याची नोंद शिक्षणाच्या अर्थकारणात अवश्य व्हावी.

वसतिगृहातून मुले शिकून बाहेर पडू लागली, तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. खेड्यांना शाळा हव्या होत्या. शाळांना शिक्षक हवे होते. आणि जो शिक्षक मिळे तो बहुधा खेड्यात रमत नसे. १९२९ मध्ये हार्टोग समितीने देशातील प्राथमिक शिक्षणाचे परीक्षण केले. पहिलीत बसलेल्या मुलांपैकी फारच थोडी चौथीपर्यंत पोहोचतात, एकशिक्षकी शाळांचे काम निकृष्ट आहे, तपासनीस अपुरे आहेत, असे तिचे निदान होते. उपाय म्हणून तिने शाळांचा विस्तार आवरून असलेल्या शाळा सुधारण्यावर भर दिला. हिशेबाच्या दृष्टीने हा सल्ला निर्दोष होता. पण ज्या गावात शाळाच नव्हती, त्या गावाने थांबावे असा त्याचा अर्थ होत होता.

भाऊरावांना विस्तार थांबविणे मान्य नव्हते, आणि गुणवत्तेची अडचणही त्यांना दिसत होती. या पेचातून त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे १९३५ मध्ये साताऱ्यास स्थापन झालेले सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. पंचम जॉर्ज बादशहाच्या रौप्यमहोत्सवाचे नाव त्यास दिलेले असले, तरी आतील आशय सत्यशोधकी होता. पुढे त्याला महात्मा फुले यांचेच नाव मिळाले. येथे खेड्यातील मुलगा खेड्यातील शिक्षक होण्यासाठी तयार होत असे. शेतीचे व अंगमेहनतीचे काम हा शिक्षणाचाच भाग होता. स्त्री-शिक्षिकांसाठी १९४२ मध्ये जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. माध्यमिक शिक्षकांसाठी १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशनची स्थापना झाली. म्हणजे शाळा काढण्याबरोबर शिक्षक घडविण्याची शाळाही काढावयाची, हा क्रम त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

या व्यवस्थेची कसोटी व्हॉलंटरी शाळांच्या वेळी लागली. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. त्यानंतर शाळा नसलेल्या लहान गावांत खाजगी संस्थांनी अनुदानावर प्राथमिक शाळा चालवाव्यात, अशी योजना निघाली. भाऊरावांनी ती उचलून धरली. डोंगरकपारीतील आणि दुष्काळी पट्ट्यातील गावांत देऊळ, धर्मशाळा किंवा चावडी मिळेल तेथे वर्ग भरू लागले. भाऊरावांच्या हयातीत या शाळांची संख्या ५७८ पर्यंत गेली. एका शाळेस एकच शिक्षक धरला, तरी जवळजवळ सहाशे नवशिक्षकांना सांभाळण्याचा हा प्रश्न होता. इमारत नाही, पगार तुटपुंजा, अशा ठिकाणी एकटा तरुण टिकतो कसा?

याचे उत्तर त्या शिक्षकाच्या मागे काय होते यात आहे. त्यांच्यापैकी अनेक जण संस्थेच्याच वसतिगृहांत व अध्यापक विद्यालयात वाढलेले होते. थोरल्या मुलाने धाकट्याचा अभ्यास घ्यावयाचा, आजाऱ्याची शुश्रूषा करावयाची, ही सवय त्यांना शिक्षक होण्याआधीच लागलेली असे. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याकडे अडचण घेऊन जाण्यास त्यांना संकोच वाटण्याचे कारण नव्हते. आणि खुद्द भाऊराव खेडोपाडी सतत हिंडत होते. खादीची वस्त्रे, पांढरी दाढी आणि हातात काठी अशी ती मूर्ती केव्हा दारात उभी राहील याचा नेम नसे. सरकारी तपासनीस दोष टिपून जातो. घरचा वडीलधारा दोष दाखवतो आणि मुक्कामही करतो. या दोन भेटींतील अंतर ज्याने खेड्यात शिकविले आहे, त्याला वेगळे सांगावयास नको.

या व्यवस्थेला उणिवा नव्हत्या असे म्हणणे अंधभक्तीचे ठरेल. ती त्यागावर फार विसंबून होती. तुटपुंज्या वेतनात राबणाऱ्या शिक्षकाच्या घरी काय शिजत होते, याचा हिशेब ध्येयवादाच्या प्रकाशात नेहमीच झाकला जातो. शिवाय सारी यंत्रणा एका माणसाच्या पायपिटीवर उभी होती. असा माणूस दर पिढीला मिळत नाही. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात भाऊरावांच्या स्पष्ट बोलण्याने राज्यकर्ते दुखावले आणि संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. संस्था मोडली नाही, अनुदानही पुढे पूर्ववत झाले. पण व्यक्तीच्या तेजावर चालणारी व्यवस्था किती नाजूक असते, हे त्या प्रसंगाने दाखविले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले, तेव्हा रयत शिक्षण संस्थेची माध्यमिक विद्यालये शंभरावर गेलेली होती. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

त्यांच्या निधनानंतरच्या सहा दशकांत पुष्कळ बदलले. दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली झाला, प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या, वाडीवस्तीवर शाळा पोहोचली. विस्ताराची लढाई भाऊरावांच्या बाजूने निकालात निघाली. शिक्षक घडविण्याची लढाई मात्र अर्ध्यावर राहिली. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करावे, असे तिने ठरविले. हे मानधन कितीतरी वर्षे अत्यल्प होते. २०२३ मध्ये ते प्राथमिकसाठी दरमहा सोळा हजार रुपये झाले. ही तीन वर्षे उमेदवारीची मानली गेली. उमेदवारी म्हटली की शिकविणारा उस्ताद आलाच. सुताराच्या, लोहाराच्या दुकानात उमेदवाराला कमी पैसे मिळतात, कारण त्याला शिकविण्यात उस्तादाचा वेळ जातो. शिक्षणसेवकाच्या बाबतीत आपण कमी पैशांचा नियम तेवढा उचलला आणि उस्ताद विसरलो. भाऊरावांच्या शिक्षकालाही पगार थोडाच होता, पण पाठीशी माणसे होती. आजच्या नवशिक्षकाला मानधनही थोडे आणि पाठीशी बहुधा परिपत्रके.

उपाय खर्चाचा नाही. एक शिक्षक सुमारे तीस वर्षे सेवेत राहतो. त्याच्या पहिल्या दोन वर्षांत त्याच केंद्रातील एखाद्या जाणत्या शिक्षकाने आठवड्यातून एक दिवस त्याच्या वर्गात बसावे, त्यालाही आपल्या वर्गात बसवून घ्यावे आणि त्या दिवसाचे काम त्या जाणत्या शिक्षकाच्या वेळापत्रकातून कमी व्हावे, एवढीच ही व्यवस्था आहे. तीस वर्षांच्या वेतनाशी ताडून पाहिले तर हा खर्च नगण्य ठरतो. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. मार्गदर्शकाने गोपनीय अहवाल लिहू नये, कारण ज्याच्या हाती शेरा आहे त्याच्यापुढे कोणी अडचण उघड करीत नाही. आणि हे काम आणखी एक नोंदवही भरण्याचे निमित्त होऊ नये. जत, आटपाडी, माण, पाटण अशा तालुक्यांतील दोनशिक्षकी शाळांपासून आरंभ केला तर त्याची परीक्षाही तेथेच होईल.

भाऊरावांच्या नावाने सभागृहे झाली, पुतळे झाले, दर सप्टेंबरात जयंतीच्या मिरवणुका निघतात. ते सारे योग्यच आहे. पण या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक अनुभवी शिक्षकाने यंदा एका नवख्या शिक्षकाची वाट थोडी सोपी केली, तर ती जयंती कर्मवीरांना अधिक पसंत पडली असती. नांगर विकून मोकळे व्हावे, ही त्यांची रीत नव्हती; पहिले तास नीट निघेपर्यंत शेतात थांबणे, ही होती.