घर, श्रम आणि न्याय : अर्थशास्त्रज्ञ डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनातील ठळक घटना आमच्या निवासी शाळेतील लहानात लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक आहेत. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, भारताचे संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी यांचे स्मरण आपण दरवर्षी करतो. या सर्व घटनांच्या मागे एक दीर्घ अभ्यास अखंड चालू होता. राहावयास घर, हाताला काम आणि केलेल्या कामाचे योग्य मोल माणसास का मिळत नाही, या प्रश्नाचा तो अभ्यास होता. प्रस्तुत स्मरणिकेच्या निमित्ताने बाबासाहेबांच्या चरित्राचा हाच एक पदर वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव साताऱ्याहून मुंबईस आले, तेव्हा सुभेदार रामजींचे कुटुंब परळ भागातील एका चाळीत एकाच खोलीत राहत असे. स्वयंपाक, झोपणे, पाहुणे आणि अभ्यास हे सारे त्याच चार भिंतींत होई. रात्री मुलाला लवकर झोपवून वडील स्वतः जागत आणि दोनच्या सुमारास, चाळ शांत झाल्यावर, त्यास अभ्यासाला उठवीत. दाटीवाटीच्या घरात विद्येसाठी शांतता कशी मिळवावी लागते, हे भीमरावांनी पुस्तके वाचण्यापूर्वीच अनुभवले होते. पुढे हे कुटुंब परळलाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत राहावयास गेले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची गलिच्छ वस्ती हटविण्यासाठी १८९८ मध्ये ही संस्था स्थापन झाली होती. बाबासाहेबांच्या आयुष्यातील सुमारे दोन दशकांचा काळ त्या दोन खोल्यांशी जोडलेला आहे.

१९०७ मध्ये मॅट्रिक आणि १९१२ मध्ये बी. ए. झाल्यावर महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीने ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक अर्थव्यवहाराचा, म्हणजे सरकार कर कोणाकडून घेते व खर्च कोणावर करते याचा, अभ्यास केला. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले आणि करारानुसार ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले.

बडोद्यातील त्या दिवसांची हकीकत सर्वश्रुत आहे, तरी आमच्या विषयाच्या दृष्टीने ती पुन्हा पाहणे अवश्य आहे. त्यांच्याजवळ पदवी होती, सरकारी नोकरी होती, भाडे देण्याची ऐपत होती. तरीही शहरात त्यांना कोणी खोली देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडेही आश्रय मिळाला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना कमाठी बागेत बसून राहावे लागले आणि त्याच रात्री ते मुंबईकडे निघाले. भाडे परवडणे ही घर मिळण्याची एक अट आहे. दुसरी अट समाज घालीत असतो आणि ती पैशाने पुरी होत नाही. बाबासाहेबांच्या पुढील सर्व आर्थिक विचारांत ही दुसरी अट कधीही दृष्टीआड झालेली नाही, असे आम्हांस वाटते.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तुकडे एकत्र केले आणि जमिनीचे वाटे रोखले की शेती सुधारेल, असे त्या काळचे बहुतेक तज्ज्ञ मानीत. बडोदे संस्थानानेही या प्रश्नावर समिती नेमली होती. बाबासाहेबांनी विचाराची दिशाच बदलली. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्यात लागणारे भांडवल, बैल, अवजारे आणि माणसांचे श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, असे त्यांनी मांडले. एकाच तुकड्यावर जेव्हा अनेक माणसे अवलंबून असतात, तेव्हा त्यांतील कित्येकांचे श्रम वाया जातात. ती माणसे कामावर दिसतात, पण त्यांच्यामुळे उत्पन्न वाढत नाही. खाणारी तोंडे मात्र तितकीच राहतात. म्हणून या रिकाम्या हातांना शेतीबाहेर उद्योगांत काम द्यावे, त्यानेच शेतीवरील भार हलका होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान जमिनींसंबंधीचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. तुकडे जोडण्याच्या नावाखाली गरीब शेतकरी भूमिहीन होईल, ही त्यांची भीती होती. त्यावर त्यांनी सहकारी शेतीचा मार्ग सुचविला.

सिडनहॅम कॉलेजात काही काळ प्राध्यापकी करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील दुसरा ग्रंथ आला. चलनाचा प्रश्न सामान्य वाचकास दूरचा वाटतो. बाबासाहेबांनी मात्र तो मजुराच्या घरापर्यंत आणून पोहोचविला. रुपयाची किंमत घसरली की वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी त्याच वेगाने चढत नाही. व्यापाऱ्याच्या नफ्यात जी भर पडते, ती मजुराच्या ताटातून गेलेली असते. भारतीय चलनाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगासमोर त्यांनी १९२५ मध्ये साक्ष दिली, तेव्हाही कोणत्या धोरणाने कोणाचे नुकसान होते, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला.

मुंबईच्या कापड गिरण्यांतही त्यांना बडोद्याचाच अनुभव वेगळ्या रूपात दिसला. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, पण अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडात धरून सांधावा लागतो, म्हणून विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्यांनी आपल्याच रांगेतील अन्याय आधी दूर करावा, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी विधिमंडळात त्यांनी स्त्री कामगारांच्या प्रसूतिकाळातील भत्त्याच्या विधेयकास पाठिंबा दिला आणि महार वतनात बदल करणारे विधेयकही मांडले. वतनाच्या जमिनीच्या तुकड्यापायी सारे कुटुंब रात्रंदिवस गावच्या व सरकारच्या कामास बांधले जाई आणि त्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर राही. मान समजल्या जाणाऱ्या या व्यवस्थेचा हिशेब मांडून तिच्यातील वेठ त्यांनी उघड केली. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

मुंबई सरकारने दलित व आदिवासी वर्गांची शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक स्थिती तपासण्यासाठी १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये या कामासाठी खानदेशात फिरताना ते चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना वस्तीवर नेण्यास नकार दिला. वस्तीतील लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि त्यांच्यापैकीच एक, हाकण्याची सवय नसलेला माणूस, टांगा हाकू लागला. वाटेत अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. सरकारी चौकशी समितीच्या सदस्यास साधा टांगा मिळू नये, यात समितीच्या चौकशीचे अर्धे उत्तर होते. समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांवर त्यात भर होता. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापूरला वसतिगृह सुरू करून हे काम आधीच हाती घेतले होते. ज्याच्या घरी दिवा लावून बसण्यास जागा नाही, त्यास शाळा असूनही शिकता येत नाही, हे डबक चाळीत वाढलेल्या विद्यार्थ्याने ओळखले होते. आमच्यासारख्या निवासी शाळांचे मूळ तेथे आहे.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ मध्ये कोकणातील खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. आजवर जे बाहेरून मागितले, ते आता आतून करावयाचे होते. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांच्या कारकिर्दीत भरल्या. त्यांतील ठरावानुसार १९४४ मध्ये रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमण्यात आली. निरनिराळ्या उद्योगांतील मजुरी, कामाचे स्वरूप, राहण्याची घरे आणि सामाजिक स्थिती यांची प्रत्यक्ष पाहणी करून माहिती गोळा करणे हे तिचे काम होते. मजुरासाठी काय करावे हे ठरविण्यापूर्वी मजूर कसा राहतो व किती मिळवितो, हे मोजले पाहिजे, हा आग्रह या चौकशीच्या मुळाशी होता.

स्वतः बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद परिसरातील कोळसा खाणींत उतरले आणि खाणमजुरांच्या वस्त्याही त्यांनी पाहिल्या. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर कर बसवून त्यातून मजुरांची घरे, पाणी व औषधोपचार यांची तरतूद करावयाची होती. ज्या मालातून संपत्ती निघते, त्याच मालाने तो काढणाऱ्याच्या घराचा खर्च सोसावा, असे हे सरळ गणित होते. याच काळात युद्धाच्या निकडीमुळे स्त्रियांना खाणीत भूमिगत काम करण्यावरील बंदी उठविली गेली आणि त्यावरील टीका मजूर सदस्य या नात्याने त्यांना सोसावी लागली. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सेवायोजन कार्यालयांची उभारणी सुरू झाली. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि शेतमजुरीही त्याच्या कक्षेत आली.

१९४७ मध्ये लिहिलेल्या निवेदनात प्रमुख उद्योग व शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ही आर्थिक रचना मूलभूत कायद्यातच नमूद व्हावी, असे त्यांनी सुचविले होते. संविधानात ते त्या रूपात आले नाही. उपजीविकेचे साधन, समान कामास समान वेतन, कामाचा हक्क व निर्वाह वेतन ही तत्त्वे ३९, ४१ व ४३ या अनुच्छेदांत मार्गदर्शक तत्त्वे म्हणून आली. त्यांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी ज्या धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान आहे. उपजीविका हा नीतीचा प्रश्न आहे, असे मानणाऱ्या अभ्यासकास तो मार्ग जवळचा वाटावा, यात नवल नाही.

१९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू करून बाबासाहेबांनी मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे दार उघडले. आमचे अंबाजोगाई तेव्हा नुकतेच निजामी राजवटीतून बाहेर पडलेले होते. आज आमच्या सभोवतालचा बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो. सहा-सहा महिने संसार कोपीत होतो. उचल फिटली की नाही, हे मुकादमाची वही सांगते. मजुराजवळ स्वतःची वही नसते. गावाकडे घरकुल मंजूर झाले, तरी ते बांधण्यास स्वतःच्या नावावर जागा लागते आणि भूमिहीनास तीच अडचण असते. गायरान कसणाऱ्यांपैकी १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने केला, तरी सातबाऱ्यावर नाव चढविण्यासाठी अनेकांच्या पिढ्या तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या. काम आहे पण मोल ठरविण्याचा अधिकार नाही, योजना आहे पण पाय ठेवण्यास जागा नाही, हे बडोद्याच्या त्या रात्रीचेच आजचे रूप आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही याच दृष्टीने एक काम सांगू इच्छितो. बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्प वाहावेच, पण सुटीत घरी गेल्यावर एक वही करावी. घरात किती माणसे आहेत, कोणास वर्षातून किती दिवस काम मिळते, उचल किती घेतली व किती फिटली, घराची जागा कोणाच्या नावावर आहे, हे त्या वहीत तारखेसह लिहावे. मुकादमाच्या वहीसमोर घरची वही ठेवता आली, तर आई-वडिलांना बोलण्यास आधार मिळेल. अन्यायाविरुद्ध उभे राहण्यापूर्वी त्याचा हिशेब मांडणारा तो महामानव ६ डिसेंबर १९५६ रोजी आपल्यातून गेला. त्याने सुरू केलेली मोजणी पुढे नेण्याचे काम आता या वसतिगृहात शिकणाऱ्या मुलामुलींचे आहे. त्या अथक अभ्यासकास आमचे विनम्र अभिवादन.