टिळक दांपत्य: एका घराची दोन वाटांवरील वर्षे

ज्या घरात पती प्रभूचा झाला आणि पत्नी अद्याप झाली नाही, किंवा पत्नी झाली आणि पती झाला नाही, अशी घरे आमच्या मंडळ्यांत थोडी नाहीत. चौसाळ्याच्या आसपासच्या उपदेशकांनाही याचा अनुभव आहे. अशा घरांसाठी आम्ही आज रेव्हरंड नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची हकीकत सांगतो. टिळकांचे अभंग आपण गातो. परंतु त्या गायनामागे दोघांनी काय सोसले, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

नारायणरावांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. लक्ष्मीबाई १८६८ सालच्या, नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या. त्यांच्या माहेरचे सोवळे विलक्षण होते. त्यांच्या आईच्या वडिलांस १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे मन शिवाशिवीच्या भयाने असे ग्रासले की, बाजारातून आणलेले धान्यदेखील धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरात वाढलेली मुलगी बालवयातच टिळकांच्या घरी आली. टिळक बुद्धिमान, उदार, कवी. आणि तितकेच तापट व लहरी. आज या गावी नोकरी तर उद्या त्या गावी. मनात आले की न सांगता घराबाहेर पडावे, हाती असेल ते कोणास देऊन टाकावे. बिऱ्हाड मोडणे आणि मांडणे हे लक्ष्मीबाईंस नवे राहिले नव्हते.

नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने टिळकांस नवा करार दिला. त्या वाचनातून १८९५ च्या १० फेब्रुवारीस त्यांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. पत्नीस आधी कळवलेले नव्हते. ती बातमी माहेरी पोहोचली तेव्हा घरावर आकाश कोसळले. पती जिवंत असून आपण त्याच्या पंक्तीस बसू शकत नाही, अशी त्या बाईंची स्थिती झाली. टिळकांविषयी आम्हांस मोठा आदर आहे, तरी त्यांनी या एका गोष्टीत पत्नीवर फार मोठे ओझे टाकले, असे आम्हांस वाटते. बाप्तिस्मा मागणाऱ्या विवाहित पुरुषास उपदेशकाने प्रथम विचारावे की, घरी बोलणे झाले आहे काय.

पुढे चारांहून अधिक वर्षे दोघे वेगळी राहिली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन नातलगांच्या आश्रयाने दिवस काढीत होत्या. काही काळ पंढरपुरास होत्या. १८६६ सालीच असा कायदा झाला होता की, धर्मांतरामुळे पत्नीने अथवा पतीने सोबत राहण्याचे नाकारल्यास ख्रिस्ती झालेल्याने न्यायालयात जाऊन तो विवाह मोडून घ्यावा. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषिताने जे शिकवले आहे, ते त्यांनी या रीतीने पाळले.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळक स्वभावाने उतावळे. तरी या बाबतीत त्यांनी पत्नीचे सोवळे बळाने मोडले नाही. आम्हांस वाटते, हाच त्यांच्या संसारातला सर्वांत कठीण उपवास असावा! पुढे लक्ष्मीबाई राहुरीकडे गेल्या असता (आमच्याकडून कोयता घेऊन जाणाऱ्या जोडप्यांस राहुरी ठाऊक आहेच) त्यांच्या मनात जातिभेदाविषयी विचार चालू झाला. हे भेद देवाने केले की माणसाने, असे स्वतःशीच वादून त्यांनी निश्चय केला की, यापुढे कोणाच्याही हातचे खावे-प्यावे. कोणी त्यांस उपदेश करून हे घडवले नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

यानंतर सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. टिळकांचा राग तसाच होता, हात तसाच मोकळा होता, आणि लक्ष्मीबाईंचे उत्तरही तयार असे. भांडणे होत व मिटत. टिळकांनी त्यांस लिहिण्यावाचण्याची गोडी लावली होती. त्यातून त्या कविता करू लागल्या. १९०४ साली टिळकांची पाळकपदी दीक्षा झाली, १९१२ पासून ते ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक झाले. मग १९१७ साली पुन्हा एक वादळ आले. टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास देवाचा दरबार उभारण्याचे काम आरंभिले. नवऱ्याने पगार सोडला म्हणजे चुलीपुढे बसणारीस काय वाटते, हे आमच्या भगिनींस सांगावयास नको. परंतु या वेळी लक्ष्मीबाई दुसऱ्या वाटेवर नव्हत्या.

१९१९ च्या ९ मे रोजी टिळक मुंबईस प्रभूजवळ गेले. ख्रिस्तायन हे त्यांचे ओवीबद्ध काव्य अकरा अध्यायांपर्यंत येऊन थांबले होते. ज्या बाईंनी एके काळी नवऱ्याच्या घरी पाणीदेखील वेगळे भरले, त्यांनीच पुढील चौसष्ट अध्याय लिहिले. याच काळात त्यांनी आपल्या संसाराची हकीकत स्मृतिचित्रे या नावाने लिहिली. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला. तीत त्यांनी पतीचे दोषही झाकले नाहीत आणि स्वतःचेही नाहीत. १९३६ च्या २४ फेब्रुवारीस त्या गेल्या. ख्रिस्तायनाचा शेवटचा अध्याय राहिला होता, तो त्यांचा मुलगा देवदत्त याने पुरा केला.