गार समुद्रात उतरलेला भूलतज्ज्ञ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे अनेक वैमानिक कोसळत्या विमानातून पॅराशूटने सुखरूप बाहेर पडत, पण खाली थंडगार समुद्रात त्यांचा अंत होई. कुणी बेशुद्धावस्थेत तोंड पाण्यात गेल्यामुळे बुडे, कुणी नुसत्या गारठ्याने मरे. ही माणसं वाचावीत म्हणून ज्या डॉक्टरने स्वतःचं शरीर प्रयोगासाठी दिलं, त्याचं नाव एडगर पास्क. भूलशास्त्राच्या इतिहासात हे नाव फार आदराने घेतलं जातं.

पास्क यांचा जन्म 1912 चा. केंब्रिज आणि लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी ऑक्सफर्डला प्रा. रॉबर्ट मॅकिन्टॉश यांच्या हाताखाली भूल देण्याचं काम शिकून घेतलं. 1941 मध्ये ते हवाई दलाच्या फार्नबरो येथील शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेत दाखल झाले.

तिथे पहिला प्रश्न लाइफ जॅकेटचा होता. शुद्धीतला माणूस पाण्यात हातपाय मारतो, मान वर धरतो. बेशुद्ध माणसाचं तोंड जॅकेट पाण्याबाहेर ठेवतं का, हे त्याच्यावरून कळत नाही. म्हणून पास्क यांनी स्वतःला पूर्ण भूल द्यायला लावली. श्वासनलिकेत नळी घातलेली, अंग सैल पडलेलं, अशा अवस्थेत त्यांना जॅकेट घालून तलावात सोडण्यात येई. काही जॅकेटांत ते पालथेच राहिले. ज्या जॅकेटांवर वैमानिकांची भिस्त होती त्यांतले दोष असे उघड झाले. बुडालेल्याला कृत्रिम श्वास देण्याच्या तेव्हाच्या पद्धती तपासण्यासाठीही त्यांनी श्वास थांबेपर्यंत भूल घेतली, तीही अनेकदा.

दुसरा प्रश्न थंडीचा. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. बर्फगार पाण्यात पडताच पहिल्या मिनिटभरात धाप लागते. माणूस नकळत जोराने श्वास आत घेतो आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असलं तर बुडतो. त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत हात बधिर होतात, दोरी धरता येत नाही. शरीराचं आतलं तापमान धोक्याच्या पातळीला उतरायला मात्र साधारण अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. म्हणजे पट्टीचा पोहणाराही गारठून मरण्याच्या आधीच बुडू शकतो.

यावर उपाय म्हणजे अंगाला पाणी लागूच न देणारा पोशाख. मान आणि मनगटांशी घट्ट बंद होणारा हा सूट फक्त पाणी अडवतो. ऊब मिळते ती आतल्या लोकरी कपड्यांत अडकलेल्या कोरड्या हवेमुळे. भिवंडी-ठाणे रस्त्यावर भर पावसात दुचाकी चालवणाऱ्यांना हे सांगायला नको. रेनकोटच्या गळ्यातून पाणी शिरून शर्ट भिजला की रेनकोट असून नसल्यासारखाच! असा सूट खरोखर टिकतो का, हे पाहण्यासाठी पास्क ऐन हिवाळ्यात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलँड बेटांजवळच्या खवळलेल्या समुद्रात स्वतः उतरले.

1944 मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा ओबीई किताब मिळाला. युद्धातल्या याच कामावर केंब्रिजने त्यांना एमडी दिली. झोपेत संशोधन करून पदवी मिळवणारा माणूस, अशी त्यांची गमतीने ओळख करून दिली जाई. 1949 पासून ते न्यूकॅसलला भूलशास्त्राचे प्राध्यापक होते. 1966 मध्ये, वयाच्या अवघ्या 53 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. या प्रयोगांनी त्यांची प्रकृती ढासळली होती, असं मानलं जातं. आज कुठलीही नैतिक समिती अशा प्रयोगांना परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

थंड सागरी मार्गांवर जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर आता प्रत्येक खलाशासाठी असा सूट ठेवावा लागतो. आपल्या कोकणपट्टीतले कितीतरी तरुण अशा जहाजांवर नोकरी करतात. सुट्टीत हिमालयातल्या नद्यांवर राफ्टिंगला जाणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी जॅकेटचे सगळे पट्टे आवळावेत, फोटोपुरतेही सैल करू नयेत. नाव उलटलीच तर पहिलं मिनिटभर पोहण्याची घाई न करता तरंगत राहावं आणि श्वास ताब्यात आणावा.

गारठलेल्या माणसाला आडवं ठेवून हळुवार हाताळावं, ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळावं आणि लगेच रुग्णालयात न्यावं. अंग चोळू नये आणि ऊब येते म्हणून दारू तर मुळीच देऊ नये. दारूने त्वचेकडचं रक्त वाढतं आणि शरीरातली उरलीसुरली उष्णताही निघून जाते.