महाराजांची गाडी आणि तिची ठिणगी



आपल्या इंदुरात यशवंतराव हे नाव दिवसातून एकदा तरी कानी पडतेच. कोणी आजारी पडले की एम. वाय.ला नेतात, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात. पावसाळ्यात सहल निघते ती यशवंतसागरला. मागे सातवीच्या वर्गात आम्ही विचारले की हे यशवंतराव कोण, तेव्हा सगळ्या मुलांनी इंग्रजांशी लढलेल्या यशवंतरावांचे नाव घेतले. ते पहिले यशवंतराव, 1811 साली वारले. रुग्णालय आणि तलाव ज्यांच्या नावाचे आहेत ते दुसरे. त्यांचे चरित्र मुलांना ठाऊक नाही, म्हणून या अंकात त्यांच्याविषयी लिहितो आहोत. मात्र लिहिताना त्यांच्या एका मोटारीपाशी आम्ही जरा जास्त थांबणार आहोत, त्याचे कारण शेवटी कळेल.

यशवंतराव होळकर दुसरे यांचा जन्म 6 सप्टेंबर 1908 रोजी झाला. वडील तुकोजीराव तिसरे यांनी 1926 च्या फेब्रुवारीत गादी सोडली, तेव्हा हे सतरा वर्षांचे होते. शिक्षण विलायतेत झाले, आधी चार्टरहाऊस शाळेत आणि मग ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात. कोल्हापूरजवळच्या कागलच्या संयोगिताराजेंशी 1924 मध्येच लग्न झाले होते. राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले 1930 साली. म्हणजे ज्या वयात आपली मुले बी.ए., बी.कॉम.चा निकाल लागण्याची वाट पाहतात, त्या वयात यांच्यापुढे सबंध राज्याचा कारभार आला.

ऑक्सफर्डला असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली. त्याच्याकडून त्यांनी 1930 ते 1933 या काळात माणिकबाग महाल बांधून घेतला. राजवाडा पाहिलेल्या माणसाला माणिकबाग पाहून नवल वाटते. नक्षी नाही, कमानी नाहीत, सरळ रेषा आणि मोठमोठ्या खिडक्या. आतले सामान युरोपातल्या त्या वेळच्या अगदी नव्या कारागिरांचे. ब्रांकुशी हा जगप्रसिद्ध शिल्पकार ध्यानमंदिर बांधण्याच्या निमित्ताने इंदुरात येऊन गेला, पण मंदिर काही झाले नाही. जुने सगळे मोडून टाकावे अशी महाराजांची वृत्ती नव्हती. पण स्वतःसाठी वस्तू घ्यायची तर ती त्या काळातली सर्वांत नवी, हा त्यांचा स्वभावच होता.

मोटारींच्या बाबतीतही तेच. बेंटले होती, लगोंडा होती, पण नाव झाले ते ड्युसेनबर्गचे. ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची कंपनी. महाराजांसाठीच्या गाडीचा सांगाडा आणि इंजिन तेथून आले, 1935 च्या सुमारास, आणि त्यावरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढविली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरच जवळजवळ पावणेतेरा फूट, आणि एवढ्या लांबीवर पुढे बैठक फक्त दोघांची! रंग केशरी आणि काळा. इंजिन आठ सिलिंडरचे, सुमारे 6.9 लिटरचे, सुपरचार्जर लावलेले. कंपनी 320 अश्वशक्ती सांगत असे. आपल्या रस्त्यांवरच्या साध्या मोटारींत आजही इतकी नसते.

आता त्या इंजिनातल्या ठिणगीकडे येऊ. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर मिनिटाला 16,000 ठिणग्या लागतात. गणित मुलांनी करून पाहावे, फेऱ्याला चार या हिशेबाने. बॅटरीचा दाब थोड्या व्होल्टचा, ठिणगीला मात्र हजारो व्होल्ट हवेत. हे काम कॉईल करते. बॅटरीची वीज जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहत असते, ती पॉइंट उघडून एकदम तोडली की बारीक तारेच्या वेटोळ्यात मोठा दाब उत्पन्न होतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, आम्ही याला प्रेरण म्हणत शिकलो, मराठी पुस्तकात प्रवर्तन म्हणतात. शब्द कोणताही घ्या, ठिणगी तीच पडते. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो, आणि कोणत्या प्लगला पाळी द्यायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवितो. आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. डेल्को हे खरे तर अमेरिकेतल्या डेटन गावच्या कंपनीचे नाव, चार्ल्स केटरिंग यांनी ती 1909 साली काढली आणि बॅटरी-कॉईलची ही पद्धत रुळविली. ड्युसेनबर्गमध्येही बॅटरी-कॉईलच होती. शिवाय तिच्या डॅशबोर्डावर लहान दिवे असत. ठरावीक मैल झाले की एक दिवा ऑइल बदला असे सांगे आणि दुसरा बॅटरीचे पाणी बघा असे. 1930 च्या दशकात!

अशी ही गाडी, पण तिची कंपनीच 1937 साली बंद पडली. म्हणजे मोटार नवी असतानाच सुटे भाग पुरविणारे घर गेले. तेव्हापासून अशा गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना एक प्रश्न सुटलेला नाही. पॉइंट झिजतात, त्यांच्यातले अंतर हलते, गाडी मिसिंग करू लागते. त्याजागी झाकणाच्या आत, बाहेरून दिसणारही नाही असे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसविता येते. ठिणगी जोरदार आणि एकसारखी पडते, वारंवार अंतर जुळवावे लागत नाही. मग बसवावे की जुने पॉइंटच घासूनपुसून चालवावेत?

येथे आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या वडिलांची फियाट होती. पावसाळ्यात ती सकाळी सुरू होईना, मग मिस्त्री येऊन पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवायचा, जाड कागदाच्या कपट्याने अंतर जुळवायचा, आणि पाच मिनिटांत गाडी चालू. या कटकटीला कंटाळून आम्ही तिला इलेक्ट्रॉनिक किट बसविले. दोन वर्षे अगदी सुखाची गेली. मग एकदा भेरूघाटात गाडी जी बंद पडली ती पडलीच. पॉइंट बिघडायला लागले की आधी कुरकुर करतात, किट मात्र न सांगता गेले. जुन्या पॉइंटची प्लेट आईने डिक्कीत फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती, म्हणून त्या दिवशी रात्री घरी पोहोचलो. टाकून दे म्हणून आम्हीच तिला दोनदा सांगितले होते.

तेव्हा आमचे मत असे की रोज ऑफिसला जायच्या गाडीत नवे बसवावे, त्यात काही वावगे नाही. महाराजांच्या गाडीसारखी गाडी असेल तर जुने ठेवावे, कारण ती आता केवळ वाहन नाही, त्या काळच्या माणसांनी काय विचार केला होता याचा पुरावा आहे. आणि बदलायचेच झाले तर असे बदलावे की पुन्हा पूर्ववत करता येईल. छिद्रे पाडू नयेत, काढलेला भाग जपावा. गंमत अशी की खुद्द यशवंतराव महाराजांना विचारले असते तर त्यांनी बहुधा नवेच बसविले असते. ज्यांच्या वस्तू आज सगळे जुन्या म्हणून जपतात, त्यांनी त्या नव्या म्हणून घेतल्या होत्या!

पुढील आयुष्य थोडक्यात. संयोगिताराजे 1937 मध्ये वारल्या. पाण्यासाठी गंभीर नदीवरचा यशवंतसागर याच सुमारास झाला. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांचा होळकर संघ महाराजांच्याच आश्रयाचा, त्याने रणजी करंडक चार वेळा जिंकला. 1942 साली महाराजांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. संस्थानिकाने असे करणे इंग्रजांना रुचणारे नव्हतेच. 1948 मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, महाराज उपराजप्रमुख झाले आणि 1956 पर्यंत त्या पदावर राहिले. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, वय अवघे 53. माणिकबागेतले सामान 1980 साली परदेशात लिलावात विकले गेले, महालात पुढे केंद्रीय उत्पादन शुल्काचे कार्यालय आले. केशरी-काळी ड्युसेनबर्गही परदेशी संग्राहकांकडे गेली. आता ती पाहायची तर इंदूरच्या मुलांना चित्रातच.

आता कारण. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेचे नूतनीकरण होणार आहे आणि मोडीत काढायच्या वस्तूंची यादी आमच्या टेबलावर आली आहे. तिच्यात जुनी प्रवर्तन कॉईल आहे, लाकडी पाटावरची, पितळी गोळ्यांची. नव्या किटमध्ये हाच प्रयोग पडद्यावर दिसतो, म्हणून ती नको असे ठरले असावे. तत्त्व ड्युसेनबर्गच्या कॉईलचेच आहे. गेल्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी तिचे पॉइंट घासले, बॅटरी जोडली, आणि दोन गोळ्यांमध्ये निळी ठिणगी तडतडली. दहावीची मुले बाक सोडून पुढे आली. यादीतल्या त्या ओळीपुढे आम्ही अजून सही केलेली नाही. विश्वस्त मंडळींना विनंती आहे की पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी यावे, प्रयोगशाळेचे पडदे ओढून ठेवतो.