पंचांगाचे इतिहासकार : शंकर बाळकृष्ण दीक्षित

तिथी, वार, नक्षत्र, योग व करण ही पाच अंगे पाहण्याचा प्रघात आमच्या घरोघरी पूर्वापार चालत आला आहे. परंतु त्या अंकांमागील शास्त्र तपासण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे चरित्र आम्हां विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड गावी झाला. महाविद्यालयीन शिक्षण त्यांना लाभले नाही. शिक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी ज्योतिषाचे संस्कृत ग्रंथ अभ्यासिले.

त्यांच्या गणिताची कसोटी एका शिलालेखाने लागली. सागर जिल्ह्यातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा स्तंभ आहे. त्यावर गुप्तसंवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काळ कोरलेला आहे. या संवताचा आरंभ केव्हा झाला, याविषयी विद्वानांत मोठा वाद होता. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरला की एक तिथी संपते. ती अहोरात्रात केव्हाही संपू शकते. वार मात्र सूर्योदयापासून मोजतात. त्यामुळे चुकीचे वर्ष धरल्यास तिथी व वार यांचा मेळ सहसा बसत नाही. दीक्षितांच्या गणिताने तो दिवस इ. स. ४८४ च्या जूनची २१ तारीख, गुरुवार, असा निघाला. फ्लीटसाहेबांच्या १८८८ च्या ग्रंथात गुप्तकालनिर्णयास या गणिताचा मोठा आधार मिळाला.

अयनचलनामुळे पंचांगातील मकरसंक्रांत सूर्याच्या प्रत्यक्ष उत्तरायणापासून दूर सरत असते. आज उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास लागते, संक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यास येते. सण ऋतूंना धरून राहावेत, म्हणून दीक्षित, जनार्दन बाळाजी मोडक व आमच्या ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. समाजाने ते स्वीकारले नाही. तथापि १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात दीक्षितांनी रूढ पंचांगांचा आधार असलेल्या ग्रहलाघवाचा व त्याचे कर्ते गणेश दैवज्ञ यांचा मोकळ्या मनाने गौरव केला. मतभेद असूनही गुण मान्य करणे, हेच खऱ्या संशोधकाचे लक्षण होय.

१८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते निवर्तले. २२ मार्च १९५७ पासून भारताने राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अंगीकारली. तिचा वर्षारंभ वसंतसंपाताशी जोडलेला आहे. सण मात्र अद्याप निरयन गणनेनेच साजरे होतात. रूढीचा आदर राखून आकाशाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, हा धडा या शिक्षकाच्या जीवनापासून आम्ही घ्यावयास हवा.